वयात येणाऱ्या मुली, अंगावरचे केस आणि आपण

निशिगंध

सातवी-आठवीच्या वर्गात हातापायांच्या केसांवरून, ओठांवरच्या लवेवरून चिडवाचिडवी सुरू होते. मग एक दिवस घरी वाक्य येतं, "आई, मला वॅक्सिंग करायचंय." यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, "चल पार्लरमध्ये, मुलीच्या जातीला नीटनेटकं राहायलाच हवं." दुसरं, "काही गरज नाही, असलं खूळ डोक्यात घ्यायचं नाही." दोन्हींत मुलीचं ऐकून घेणं राहूनच जातं.

माझं मत आधीच सांगते. अंगावरचे केस काढणं म्हणजे स्वच्छता नव्हे आणि ठेवणं म्हणजे गबाळेपणा नव्हे. जिलेटने बायकांसाठी पहिलं रेझर अमेरिकेत १९१५ साली आणलं. त्याच सुमाराला तिथे बिनबाह्यांचे झगे आले आणि मासिकांतल्या जाहिराती काखेतल्या केसांना 'लाजिरवाणं' ठरवू लागल्या. आपल्याकडच्या टीव्हीनेही पुढे तोच धडा गिरवला. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिली आलेल्या मुलीच्या गुणांपेक्षा तिच्या ओठांवरच्या केसांची चर्चा जास्त झाली. वर त्या वादानंतर एका रेझर कंपनीने तिला उद्देशून वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. म्हणजे सहानुभूतीसुद्धा विकायला!

तर विचारायचं हे आहे की मुलगी स्वतःहून केस काढायचे म्हणत असेल, तर स्त्रीवादी आईने नाही म्हणावं का? आणि हो म्हणायचं तर या वयात कुठली पद्धत बरी? नुसत्या मतांपेक्षा जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

शेवंता

सातवी-आठवी कुठली, हे पाळण्यापासूनच सुरू होतं. बाळाला न्हाऊ घालताना कणकेचा नाहीतर डाळीच्या पिठाचा गोळा अंगावरून फिरवतात तो कशासाठी? "मुलगी आहे, लव काढून टाका, पुढे त्रास नको." मुलाच्या बाबतीत मात्र "राहू दे, पुरुषाला शोभतं." जन्मतः असलेली ती लव काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप गळते. गोळा फिरवला नाही तरी गळते. मोठेपणी येणारे केस संप्रेरकांवर आणि आईबापांकडून आलेल्या ठेवणीवर ठरतात, मुळाशी पीठ चोळून काही होत नाही. बाळाची त्वचा मात्र लाल होते, पुरळ उठतं. तेल लावा, अलगद मालिश करा, गोळा कणकेच्या परातीतच राहू द्या.

बोरकूट

धागा आवडला. पण एक शंका. हातापायांचं सोडा, काखेतले केस ठेवले तर घामाचा वास येतोच ना? मग स्वच्छतेचा संबंध नाही असं कसं म्हणायचं?

डॉ_कस्तुरी

@बोरकूट, काखेतल्या विशिष्ट ग्रंथींच्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो घाम फोडतात, तेव्हा वास तयार होतो. केस दाट असले की घाम टिकतो आणि साबण त्वचेपर्यंत नीट पोचत नाही, इतपत तुमचं खरं. पण त्यासाठी मुळापासून उपटायची गरज नाही, कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड केले तरी पुरतं. आणि हा नियम पुरुषांच्या काखेलाही तितकाच लागू आहे. त्यांच्या काखेला कोणी अस्वच्छ म्हणत नाही, यातच सगळं आलं.

आता मूळ प्रश्नाकडे. मुलगी केसांबद्दल बोलते तेव्हा आधी ते कुठे आणि कसे आहेत ते पाहावं. हातापायांवर, ओठांवर मऊ बारीक लव किंवा घरातल्या इतर बायकांना आहेत तसेच केस असतील तर काळजीचं कारण नाही. पण हनुवटीवर, जबड्याखाली, छातीच्या मध्यावर, बेंबीखालच्या रेषेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला जाड, काळे, राठ केस नव्याने येऊ लागले असतील तर डॉक्टरांना दाखवावं. डॉक्टर शरीराच्या नऊ जागांना प्रत्येकी ० ते ४ गुण देऊन बेरीज करतात. साधारण ८ किंवा जास्त आली तर पुढे तपासतात. हा आकडा सगळ्या वंशांना सारखा लागू होत नाही, म्हणून नुसत्या बेरजेवर घाबरून जाऊ नये.

सोबत पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर हट्टी मुरुमं असतील, मानेच्या मागे काळपट मखमली पट्टा दिसत असेल तर पीसीओएसचा, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराचा, विचार होतो. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होतेच, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीला एका सोनोग्राफीवरून "पीसीओएस आहे" असा शिक्का मारू नये. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या रक्ताच्या तपासण्या साधारण सांगतात. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर मात्र अजिबात थांबू नये. अशा वेळी अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ नाही ना, हे पाहावं लागतं.

पीसीओएसच्या गोळ्यांचा केसांवर परिणाम दिसायला निदान सहा महिने लागतात, कारण आधीच जाड झालेला केस आपलं चक्र पूर्ण करूनच गळतो. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडणं ही नेहमीची चूक.

माळीणबाई

डॉक्टर, अतिशय उपयुक्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

रानभूल

शेव केल्याने केस दाट आणि राठ येतात म्हणून मुलींना रेझर लावू देत नाहीत. हे खरं आहे का?

डॉ_कस्तुरी

नाही. १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी मोजमाप करून दाखवलं होतं की दाढीमुळे केसाची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. नैसर्गिक केस टोकाला निमुळता असतो. पात्याने तो मध्येच सपाट कापला जातो, म्हणून खुंट हाताला टोचतो आणि काळा दिसतो. मूळ त्वचेच्या खाली आहे, पात्याला त्याचा पत्ताही नसतो.

बोरकूट

बरोबर. भादरल्याने केस दाट होत असते तर टक्कल पडणाऱ्यांनी रोज वस्तरा फिरवला असता.

कांचनकडा

पार्लरच्या कामातली माहिती देते, कारण मुलींना तिथे नेलं जातंच.

वॅक्सला केस निदान पाव इंच, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर वाढलेले हवेत. त्याहून आखूड असले तर वॅक्स धरत नाही, केस तुटतात आणि आठवड्याने त्वचेखाली वळलेले केस दिसू लागतात. वॅक्स केसांच्या दिशेने पातळ पसरायचं, पट्टी घट्ट दाबायची, एका हाताने त्वचा ताणून धरायची आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेला लागून, एका झटक्यात ओढायची. वर उचलून ओढली की कातडी सोलते आणि काळे-निळे डाग पडतात. काखेत केस दोन-तीन दिशांना वाढतात, म्हणून तिथे लहान पट्ट्या, प्रत्येक दिशेची वेगळी. एकाच जागेवर तिसऱ्यांदा वॅक्स लावायला देऊ नका, उरलेले केस चिमट्याने काढायला सांगा.

खुर्चीत बसल्यावर तीन गोष्टी बघा. वॅक्स लावायची सुरी किंवा काडी अंगाला लावून परत डब्यात बुडवतात का? तसं होत असेल तर एकीचं रक्त आणि जंतू दुसरीपर्यंत पोचतात. लावायच्या आधी वॅक्स मनगटाच्या आतल्या बाजूला लावून गरम किती ते बघतात का? आणि थ्रेडिंगचा दोरा तोंडात धरतात का? दोऱ्याचं टोक मानेला अडकवूनही थ्रेडिंग करता येतं, तसं करायला सांगायला संकोच नको.

मुरुमांसाठी अ‍ॅडापेलिन किंवा ट्रेटिनॉइनचं मलम चालू असेल तर ते चेहऱ्याच्या वॅक्सिंगआधी निदान आठवडाभर बंद हवं. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने वॅक्स करूच नये, त्वचेचा वरचा थर पट्टीबरोबर निघून येतो. हे पार्लरमध्ये कोणी विचारत नाही, आपणच सांगायचं. वॅक्सनंतर एक दिवस डिओ, पोहणं, घट्ट कपडे आणि कडक ऊन टाळा.

अबोली_सातारा

पार्लरचा खर्च नको असेल त्यांच्यासाठी घरच्या वॅक्सचं प्रमाण.

एक वाटी साखर, दोन टेबलस्पून पाणी, दोन टेबलस्पून लिंबाचा रस. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, नंतर ढवळायचं नाही, नुसतं पातेलं हलवायचं. आठ-दहा मिनिटांत मधासारखा रंग येतो. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून मऊ गोळी झाली की उतरवायचं. लाडवाच्या पाकापेक्षा किंचित पुढे, पण पक्का गोळीबंद नको. लिंबू घालायचं कारण असं की आंबटपणाने साखर फुटते आणि थंड झाल्यावर पाकाचे खडे होत नाहीत. लिंबू कमी पडलं की वॅक्स रवाळ होतं.

पाक सैल राहिला तर हाताला चिकटून बसतो, पुन्हा दोन मिनिटं आटवा. कडक झाला तर चमचाभर पाणी घालून गरम करा. पावसाळ्यात दमट हवेने हमखास चिकटतो, म्हणून आधी त्वचेवर टाल्कम पावडर भुरभुरवा. जुन्या धुतलेल्या जीन्सच्या पट्ट्या उत्तम चालतात. साखरेचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे पूर्ण कोमट झाल्याशिवाय अंगाला लावायचा नाही आणि पातेल्याजवळ लहान मुलांना येऊ द्यायचं नाही. चुकून कुठे चिकटलाच तर कोमट पाण्याने निघतो, तेल-घासणी काही लागत नाही.

तिन्हीसांज

माहिती छान येतेय, पण धागा हळूहळू "केस कसे काढावे" याकडे घसरला. निशिगंध यांचा मूळ मुद्दा अपेक्षांचा होता.

"माझी निवड" हा शब्द मला अपुरा वाटतो. स्वागतकक्षात, विमानात, बँकेच्या काउंटरवर काम करणाऱ्या बाईला हात 'स्वच्छ' ठेवायला तोंडी सांगितलं जातं. लग्नाआधी मुलीला न विचारता पार्लरचं पॅकेज घेतलं जातं. महिन्याला ८०० रुपये धरले तरी वर्षाला ९,६०० होतात, आणि त्याच नोकरीतल्या पुरुषाच्या पगारातून हा खर्च जात नाही. न काढण्याची किंमत मोजावी लागते तिथे काढण्याला मोकळी निवड म्हणता येत नाही.

अवांतर वाटेल, पण बाईच्या केसांवर समाजाची मालकी आपल्याला नवी नाही. विधवेच्या डोक्यावरचे केस जबरदस्तीने काढले जात. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. वस्तरा हातात असलेल्या माणसांनीच नाही म्हटलं, ही या महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. डोक्यावरचे ठेवायचे की काढायचे, अंगावरचे काढायचे की ठेवायचे, दोन्ही वेळा तिचं मत शेवटीच विचारलं गेलं.

माळीणबाई

तिन्हीसांज, मुद्दा पटला, पण एका ठिकाणी असहमत. केशवपन ही क्रूर सक्ती होती. वॅक्सिंगला त्याच ओळीत बसवलं की त्या बायकांचं दुःख हलकं होतं. दबाव आहे हे मान्य, पण प्रत आणि परिणाम वेगळे आहेत.

शिवाय केसांचे नियम सगळीकडे एकाच दिशेचे नाहीत. इस्लाममध्ये काखेतले आणि जांघेतले केस चाळीस दिवसांच्या आत काढायला सांगितलंय, तेही स्त्री-पुरुष दोघांना. शीख धर्मात कुठलाच केस कापायचा नाही, तेही दोघांना. हरनाम कौर या ब्रिटिश शीख स्त्रीने पीसीओएसमुळे आलेली दाढी ठेवली आणि त्यावर जगभर बोलली. म्हणजे नियम असणं वेगळं आणि तो फक्त बायकांवर असणं वेगळं. माझा आक्षेप दुसऱ्यावर आहे.

तिन्हीसांज

प्रतीबद्दलचं मान्य. दोन्हीकडे ठरवणारा दुसराच असतो, एवढंच म्हणायचं होतं. "फक्त बायकांवर" हे तुम्ही जास्त नेमकं मांडलंत.

रानभूल

लेझरबद्दल कोणी लिहाल का? कॉलेजातल्या मुलींना "एकदाच काय ते करून टाक, कायमची सुटका" असं सांगून पॅकेज विकतात.

डॉ_कस्तुरी

'कायमची सुटका' हा शब्दप्रयोगच फसवा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेझरला मान्यता देताना 'केस कायमचे कमी होणं' असं म्हटलंय, 'पूर्ण जाणं' नाही.

लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषतो, ती उष्णता मुळापर्यंत जाते आणि मूळ जळतं. एका वेळी काहीच केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि तेवढ्यांवरच परिणाम होतो. म्हणून सहा ते आठ बैठका लागतात, चेहऱ्याला चार-सहा आठवड्यांच्या आणि अंगाला सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने. बैठकीआधी महिनाभर वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर जाळणार काय? रेझर मात्र चालतो, उलट आदल्या दिवशी करायलाच सांगतात. पांढऱ्या केसांवर लेझरचा उपयोग होत नाही.

आपल्या सावळ्या त्वचेत खरी अडचण इथे येते. रंग केसात आहे तसा कातडीतही आहे. लेझर चुकीचा निवडला किंवा ताकद जास्त ठेवली तर कातडीच भाजते, फोड येतात, डाग महिनोन्‌महिने राहतात. सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग सर्वांत सुरक्षित, ८१० च्या आसपासचा डायोडही जपून वापरतात. ७५५ चा अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेसाठी. यंत्र कुठलं, चालवणार कोण, आधी छोट्या जागेवर चाचणी करणार का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. आणखी एक गोष्ट पॅकेज विकणारे सांगत नाहीत. हनुवटी, जबडा आणि मानेवरच्या बारीक लवेवर लेझर मारला तर काही जणींना तिथे उलट जाड केस येतात. पीसीओएस असणाऱ्या दक्षिण आशियाई मुलींमध्ये हा धोका जास्त असतो. शाळकरी मुलीच्या मऊ लवेवर लेझर करू नये असं माझं ठाम मत आहे. संप्रेरकं स्थिरावलेली नसताना नवे केस येतच राहतात आणि पैसे पाण्यात जातात.

अबोली_सातारा

एका अतिशय महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधते. गोरं दिसण्यासाठी औषधांच्या दुकानातून बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल या स्टिरॉइडचं मलम आणून महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं येतात आणि चेहऱ्यावर लव वाढते. मग त्या लवेसाठी ब्लीच, थ्रेडिंग, लेझर. एका अपेक्षेपायी दुसरी, तिच्यापायी तिसरी. अशा अनेक मलमांच्या विनाचिठ्ठी विक्रीला २०१८ मध्ये बंदी आली, तरी दुकानात सहज मिळतात. मलमाच्या ट्यूबवर शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेलं नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. आधीच लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

कांचनकडा

@अबोली_सातारा, १००% सहमत. फेशियलला आलेल्या बायकांच्या गालावर पातळ कातडी आणि लव एकत्र दिसली की शंका घ्यावी आणि ब्लीच करूच नये.

शेवंता

अजून एक जागा राहिली. बाळंतपणाला जाताना "खालचे केस काढून या" असं अजूनही कित्येक ठिकाणी सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे की नेहमीच्या योनीमार्गे प्रसूतीआधी सरसकट शेविंग करू नये. रेझरने त्वचेला बारीक जखमा होतात आणि जंतूंना आयती वाट मिळते. केस परत येताना होणारी खाज ओल्या बाळंतिणीला, टाके असताना, किती त्रास देते ते नर्सबाईंना विचारा. सिझरमध्ये किंवा टाक्यांच्या जागी अडचण असेल तर क्लिपरने तेवढेच आखूड करतात. नववा महिना लागलेल्या बाईने पोट पुढे असताना, आरशाशिवाय, न्हाणीघरात रेझर हातात घेणं धोक्याचं आहे. दवाखान्यात पहिल्या भेटीतच विचारून घ्या आणि तुमची इच्छा फाइलवर लिहायला सांगा.

बोरकूट

हे घरातल्या पुरुषांनाही माहीत हवं. दवाखान्यात विचारायचं काम नवऱ्याने करायला काय हरकत आहे?

माळीणबाई

परदेशातल्या मराठी आयांसाठी. तिकडे शाळेत पोहण्याचे आणि खेळाचे तास असतात, कपडे बदलायच्या खोलीत गोऱ्या मुलींच्या फिकट लवेशेजारी आपल्या मुलींचे काळे केस उठून दिसतात. तिथला चिडवण्याचा मुद्दा बऱ्याचदा केसांपेक्षा रंगाचा असतो. वर्गशिक्षिकेला लिहिताना तो वांशिक छळ म्हणूनच लिहा. नुसतं "केसांवरून चिडवतात" लिहिलं तर "मग काढून टाका" असा सल्ला येतो.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. लेझर आणि पीसीओएसबद्दलचे प्रतिसाद छापून शाळेच्या पालक गटात देण्यासारखे आहेत. पण मूळ प्रश्नाचं पहिलं अंग तसंच राहिलंय. तिने हट्ट धरला तर नाही म्हणायचं का?

तिन्हीसांज

नाही म्हणू नये. सौंदर्याच्या बाजाराविरुद्धची लढाई मोठ्या बायकांनी लढायची, बारा वर्षांच्या पोरीला पुढे करून नव्हे. आपण स्वतः दर महिन्याला पार्लरमध्ये जायचं आणि तिला मात्र तत्त्व शिकवायचं, हे तिला लगेच कळतं. आधी चिडवणाऱ्यांचा बंदोबस्त करावा, शाळेत बोलावं. त्यानंतरही तिला काढायचे असतील तर काढू द्यावे, आणि वर्षाने नको वाटलं तर सोडायचीही मुभा असावी. घरात आजी, मावशी "आता किती छान दिसतेस" म्हणाल्या की सोडायची वाट बंद होते. तेवढं कौतुक आवरायला सांगा.

कांचनकडा

पद्धत विचारलीत म्हणून. या वयाला हातापायांसाठी बॅटरीवरचा ट्रिमर सर्वांत बरा. पातं कातडीला टेकत नाही, कापत नाही, केस दोन-तीन मिलिमीटरचे राहतात आणि लांबून दिसत नाहीत. कोरड्या त्वचेवर, केसांच्या उलट दिशेने फिरवायचा, पातं ब्रशने साफ करायचं, ट्रिमर कोणाशी वाटून घ्यायचा नाही. रेझर हवाच असेल तर अंघोळीनंतर, साबणाचा फेस किंवा जेल लावून, केसांच्या दिशेने, गुडघा आणि घोट्यावर हात हलका ठेवून. पाच-सहा वापरांनंतर पातं बदलायचं आणि रेझर न्हाणीघरात ओला ठेवायचा नाही. हेअर रिमूव्हल क्रीम चेहऱ्याला नको, अंगाला लावायचं तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं आणि डब्यावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवायचं नाही. ते केस विरघळवतं तसंच कातडीही भाजतं.

ओठांवरच्या लवेला थ्रेडिंग चालेल, पण पहिल्यांदा शाळेच्या आदल्या संध्याकाळी नको. बारीक पुळ्या उठल्या तर दोन दिवस राहतात. शनिवारी करा.

रानभूल

ट्रिमर भुवयांचा छोटा येतो तो चालेल का, की मोठा घ्यावा?

कांचनकडा

हातापायांना छोटा पुरत नाही, तास जातो आणि बॅटरी संपते. रुंद पात्याचा, पुढे कंगवा बसवता येणारा आणि धुता येणारा घ्या. छोटा काखेच्या कडांना आणि ओठांना ठेवा.